गाणे संपल्यावरचे देणे

गाणे संपते, दिवे लागतात, श्रोता आसन सोडून उठतो आणि तिकिटाचा उरलेला तुकडा वाटेत कुठेतरी टाकून घराकडे चालू लागतो. त्या क्षणी त्याचे गायिकेकडे काही देणे उरलेले असते काय? प्रश्न साधा दिसतो. आणि आम्हां वकिली पेशातल्या माणसांस तर त्याचे उत्तर तोंडपाठ असते. दाम मोजले, गाणे ऐकले, व्यवहार मिटला. परंतु हाच प्रश्न काही वर्षे पुढे नेऊन पाहावा. त्या गायिकेचा आवाज आता गेला आहे, तिने रंगमंच सोडल्याला दहा-पंधरा वर्षे लोटली आहेत, साठविलेला पैसा सरला आहे, आणि एके काळी तिच्या नावाचा जयघोष करणाऱ्या गावाच्या कानी तिच्या ओढगस्तीची वार्ता आली आहे. आता त्या गावाने काय करावे? त्याने काही केले तर ते दान होईल की फेड होईल? आणि काहीच न केले तर त्याला दोष देण्याचा अधिकार कोणास पोचतो?

असले प्रश्न हवेत ठेवून चर्चिले की चर्चा गोड होते आणि निर्णय मात्र हाती लागत नाही. म्हणून एका खऱ्या आयुष्याच्या आधाराने तो तपासावा असे आम्ही योजिले आहे. ते आयुष्य कॅनडातील आहे. आपल्यापासून दूर आहे, आणि त्यामुळेच आपल्या आवडीनिवडीचा रंग त्यावर चढण्याचा धोकाही कमी आहे.

एम्मा अल्बानी हे नाव आज आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नसेल. त्यांचे माहेरचे नाव एम्मा लाझ्युनेस. क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियल शहरापासून जवळच शांब्ली नावाचे गाव आहे; तेथे १८४७ साली त्यांचा जन्म झाला. वडील संगीतशिक्षक होते आणि मुलीला त्यांनी लहानपणापासून करड्या शिस्तीत शिकविले. १८५६ साली, वयाच्या नवव्या वर्षाच्या आतच, ही मुलगी मॉन्ट्रियलच्या श्रोत्यांपुढे उभी राहिली. त्याच वर्षी तिची आई वारली. पुढे कॉन्व्हेंटच्या शाळेत तिचे शिक्षण झाले. गळा असामान्य आहे हे सर्वांस दिसत होते. पॅरिसला जाऊन पुढील शिक्षण घ्यावयाचे तर पैसा हवा होता. तो मॉन्ट्रियलमध्ये उभा राहिला नाही. कारण तेथील फ्रेंच भाषक समाजाच्या दृष्टीने कुलीन मुलीने रंगभूमीवर जाणे हे शोभणारे नव्हते. हे कारण आपल्याकडील वाचकास उलगडून सांगावयास नको.

१८६५ मध्ये हे कुटुंब सीमा ओलांडून न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी या गावी गेले. तेथील सेंट जोसेफ चर्चमध्ये एम्मा गात असत, ऑर्गन वाजवीत असत आणि गायकवृंदाचे नेतृत्वही करीत असत. मॉन्ट्रियलने जे केले नाही ते या परक्या गावाने केले. चर्चच्या मंडळींनी आणि हितचिंतकांनी जलसे करून पैसा जमविला आणि १८६८ साली मुलीला युरोपात पाठविले. पॅरिसमध्ये द्युप्रे आणि मिलानमध्ये लाम्पेर्ती अशा दोन नामांकित गुरूंपाशी तिचे शिक्षण झाले. १८७० मध्ये सिसिलीतील मेसिना येथे बेल्लिनीच्या 'ला सोन्नाम्बुला' या संगीतिकेत तिने पहिली मोठी भूमिका केली. नाव घेतले 'अल्बानी'. हे एका जुन्या इटालियन घराण्याचे नाव होते. पण ज्या गावाने पाथेय बांधून दिले त्या गावाची आठवणही त्यात अनायासे राहून गेली.

१८७२ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात अल्बानीबाई प्रथम गायल्या आणि पुढे जवळजवळ पाव शतक, म्हणजे १८९६ पर्यंत, त्या रंगभूमीच्या प्रमुख गायिकांत त्यांची गणना होत राहिली. १८७८ मध्ये त्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाचे चिरंजीव अर्नेस्ट गाय यांच्याशी त्यांचा विवाह झाला. व्हिक्टोरिया राणीचा त्यांच्यावर लोभ होता. १९०१ मध्ये राणीच्या अंत्यविधीच्या प्रसंगीही त्या गायल्या. १८८३ साली त्या मॉन्ट्रियलला परतल्या, तेव्हा ज्या शहराने त्यांना वीस वर्षांपूर्वी रिकाम्या हाती ठेवले होते त्याच शहराने त्यांचा थाटाने सत्कार केला, आणि लुई फ्रेशेट या तेथील प्रसिद्ध कवीने त्यांच्या गौरवार्थ कविता वाचली. पुढे अनेक वेळा त्या कॅनडात येऊन गायल्या. १४ ऑक्टोबर १९११ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी श्रोत्यांचा निरोप घेतला. चाळीस वर्षांच्या गायनजीवनाच्या आठवणींचे पुस्तकही त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले.

येथवरची कथा यशाची आहे, आणि यशाच्या कथा एकमेकींसारख्या असतात. आमचा प्रश्न सुरू होतो तो यानंतर. निरोपानंतर अल्बानीबाई साडेअठरा वर्षे जगल्या. लंडनच्या केन्सिंग्टन भागात त्या पतीसह राहत होत्या. पैसा गुंतविला होता, पण गुंतवणूक चांगली ठरली नाही. त्यातच १९१४ चे महायुद्ध आले आणि उरलेसुरले बुडाले. साठी उलटलेल्या या गायिकेस शिकवण्या धराव्या लागल्या. एवढेच नव्हे, तर एके काळी जेथे जाण्याची कल्पनाही त्यांच्या दर्जाच्या कलावंतास सोसली नसती अशा म्युझिक हॉलच्या हलक्याफुलक्या कार्यक्रमांतही त्यांना उभे राहावे लागले. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारने त्यांना वर्षाला शंभर पौंडांचे वेतन बांधून दिले. १९२५ साली त्यांना 'डेम' हा किताब मिळाला. त्याच वर्षी पतीचे निधन झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांच्या साहाय्यार्थ कॉव्हेंट गार्डनमध्ये जलसा झाला, आणि नेली मेल्बा या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या थोर गायिकेने त्यासाठी हातभार लावला. त्याच महिन्यात मॉन्ट्रियलमध्ये 'ला प्रेस' या वृत्तपत्राने पुढाकार घेऊन तेथील सेंट डेनिस नाट्यगृहात जलसा केला आणि चार हजार डॉलरहून अधिक रक्कम जमविली. मायदेशाच्या सरकारकडून वेतन मिळावे असेही काहींस वाटले; पण ते मिळाले नाही. ३ एप्रिल १९३० रोजी लंडनमध्ये अल्बानीबाई वारल्या आणि तेथल्याच ब्रॉम्प्टन दफनभूमीत त्यांचा देह विसावला.

आता न्यायासनापुढे हा खटला मांडू. प्रथम समाजाच्या बाजूने जे म्हणता येईल ते पूर्ण बळाने म्हटले पाहिजे. दुबळ्या युक्तिवादाला हरविण्यात अर्थ नसतो.

पहिला युक्तिवाद कराराचा. अल्बानीबाई फुकट गायल्या नव्हत्या. त्यांना मेहनताना मिळाला, तोही त्या काळच्या मानाने भरघोस मिळाला. ज्या सेवेचे दाम पूर्ण चुकते झाले आहेत तिच्यासाठी पुन्हा काही मागणे हे कोणत्या न्यायात बसते? इंग्लंडच्या कायद्याने तर या बाबतीत मोठी कठोर भूमिका घेतली आहे. १८४० च्या 'ईस्टवुड विरुद्ध केन्यन' या खटल्यात एका पालकाने आपल्या ताब्यातील अनाथ मुलीच्या शिक्षणासाठी व मालमत्तेसाठी कर्ज काढले होते. पुढे तिच्या पतीने ते फेडण्याचे वचन दिले आणि पाळले नाही. न्यायालयाने सांगितले की, होऊन गेलेल्या उपकाराबद्दल केवळ नैतिक बंधन असणे हा करारास आधार होऊ शकत नाही. एका मुलीच्या शिक्षणाचा खर्च हाच त्या खटल्याचा विषय असावा, हा योगायोग आमच्या प्रस्तुत कथेच्या संदर्भात मोठा बोलका आहे.

आपल्याकडचा १८७२ चा कराराचा कायदा याहून थोडा उदार आहे. त्याच्या २५ व्या कलमात असे सांगितले आहे की, एखाद्याने आपणासाठी पूर्वी स्वेच्छेने काही केले असेल आणि त्याची भरपाई करण्याचे वचन आपण नंतर दिले असेल, तर ते वचन मोबदल्याअभावी निरर्थक ठरत नाही. या तरतुदीत एक फार मानुष गोष्ट मान्य केलेली आहे. ती अशी की, होऊन गेलेले उपकार माणसाच्या मनात होऊन गेलेले नसतात. परंतु या कलमालाही वचन हवे. उपकार आहे आणि वचन नाही, अशा स्थितीत हा कायदाही हात जोडून उभा राहतो. अल्बानीबाईंना म्हातारपणी पोसण्याचे वचन मॉन्ट्रियलने कधी दिले होते? टाळ्या वाजविल्या होत्या. पण टाळी म्हणजे वचनचिठ्ठी नव्हे.

कायद्याचा हा निकाल आम्हांस मान्य आहे. त्याविरुद्ध अपील करण्याचा आमचा विचार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, कायद्याने 'देणे नाही' असे म्हटले म्हणजे देणे संपले असे होत नाही. ते वसूल करता येणार नाही, इतकाच त्याचा अर्थ. खुद्द कायद्यालाच हा भेद ठाऊक आहे. मुदतबाह्य झालेले कर्ज न्यायालयातून वसूल होत नाही. पण ऋणकोने ते आपखुशीने फेडले तर ते दान ठरत नाही, फेडच ठरते, आणि ती रक्कम त्याला परत मागता येत नाही. म्हणजे दाव्याचा दरवाजा बंद झाला तरी ऋण आत जिवंत असू शकते.

मग प्रश्न असा की, तिकिटाचे दाम दिल्यावर आत जिवंत राहिलेले ते ऋण कशाचे? तिकिटाने आपण काय विकत घेतो याचा बारकाईने विचार केला तर उत्तर सापडते. तिकिटाने आपण एक आसन आणि दोन-तीन घटका विकत घेतो. त्या घटकांत जे गाणे कानी पडते ते गायिकेने त्या रात्रीसाठी तयार केलेले नसते. त्यामागे आठव्या वर्षापासूनची मेहनत असते, सोडून दिलेली सुखे असतात, परक्या देशांतील एकाकी वर्षे असतात. आणि घरी परतताना श्रोता जे बरोबर नेतो ते त्या दोन-तीन घटकांत संपणारे नसते. वीस वर्षांनंतर एखाद्या कठीण रात्री ते त्याला आठवते आणि धीर देते. त्याची किंमत तिकिटात धरलेली नसते, कारण ती कोणालाच आधी ठाऊक नसते. धान्याच्या व्यापाऱ्याला दाम दिले की धान्य खाऊन संपते. गाण्याचे दाम दिले तरी गाणे उरते. हे जे उरते तेच त्या देण्याचे मूळ आहे.

त्यात गायकाची आणखी एक अडचण आहे. लेखकाचे पुस्तक पुन्हा छापले गेले तर त्याला पुन्हा काही मिळते. अल्बानीबाईंच्या काळात गायकाच्या श्रमाला असे दुसरे फळ नव्हते. बाईंच्या थोड्याशा ध्वनिमुद्रिका निघाल्या, पण त्या उतारवयातल्या. गाणाऱ्याच्या गाण्यावर गाणाऱ्याचा काही हक्क आहे, ही गोष्ट आंतरराष्ट्रीय कायद्याने मान्य केली ती १९६१ च्या रोम येथील करारात. आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात कलावंताचा हा हक्क आला तो १९९४ च्या दुरुस्तीने, पुढे २०१२ मध्ये तो अधिक बळकट झाला. म्हणजे आम्ही ज्याला नैतिक देणे म्हणतो त्यातला काही भाग पुढच्या पिढ्यांनी कायदेशीर देणे म्हणून स्वीकारला. नैतिक बंधन हे पुष्कळदा उद्याच्या कायद्याचे बालरूप असते.

दुसरा युक्तिवाद व्यवहारचातुर्याचा. बाईंनी पुष्कळ मिळविले होते. ते नीट सांभाळले असते तर ही वेळ आली नसती. स्वतःच्या अदूरदृष्टीचा भार दुसऱ्यांवर का? हा युक्तिवाद सुखवस्तू लोकांच्या तोंडी फार शोभून दिसतो. त्याला पहिले उत्तर असे की, १९१४ च्या युद्धाने बुडविलेल्यांत पुष्कळ दूरदर्शी माणसेही होती. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. सावकार उधळ्या आहे, हे सिद्ध करून ऋणको कर्जमुक्त झाल्याचे आम्ही कोणत्याही कचेरीत पाहिलेले नाही. समोरच्याने स्वतःच्या पैशाचे काय केले हा त्याच्या शहाणपणाचा प्रश्न. आपण त्याचे काही लागतो की नाही, हा आपल्या प्रामाणिकपणाचा प्रश्न. या दोहोंची गल्लत करून माणसे आपली सुटका करून घेतात.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि त्याचे आम्हांस खरोखर भय वाटते. तो असा. मॉन्ट्रियलच्या बंदरात ओझी वाहून ज्याची पाठ वाकली तो हमालही म्हातारा होतोच. त्याच्यासाठी कोणी जलसा करीत नाही. एका प्रसिद्ध बाईंच्या दुःखाने समाज हेलावतो आणि शंभर अप्रसिद्ध म्हाताऱ्यांच्या उपासमारीने हेलावत नाही. तर मग ही कृतज्ञता नसून केवळ आपल्या रसिकतेचे लाड करणे नव्हे काय?

या आक्षेपातील सत्य आम्ही निमूटपणे स्वीकारतो. हमालाचे मागणे न्यायाचे आहे आणि गायिकेचे मागणे कृतज्ञतेचे. या दोहोंत न्यायाचा मान पहिला आहे. कोणाही वृद्धाला अन्नावाचून राहावे लागू नये, ही तरतूद कायद्याने केली पाहिजे, ती जलशांवर सोडता कामा नये. कॅनडात असा कायदा १९२७ साली झाला. सत्तर वर्षांवरील गरजूंना महिना जास्तीत जास्त वीस डॉलर देण्याची त्यात सोय होती. ती सोय तुटपुंजी होती, मिळकतीची चौकशी करून दिली जात होती, प्रांतांच्या मर्जीवर अवलंबून होती, आणि क्वेबेक प्रांत तर तीत १९३६ साली सामील झाला. तरीही नैतिक दृष्ट्या या कायद्याचे मोल एखाद्या थाटाच्या जलशाहून अधिक आहे असे आम्ही म्हणू, कारण त्यात नाव विचारले जात नव्हते. परंतु न्यायाचा मान पहिला म्हणून कृतज्ञतेला स्थानच नाही, असा निष्कर्ष निघत नाही. सर्व मुलांस जेवू घालणे हे राज्याचे कर्तव्य असले तरी आपल्या आईची विचारपूस करण्याचे माझे कर्तव्य त्यामुळे रद्द होत नाही.

त्याच १९२७ च्या कायद्यात आणखी एक अट होती, आणि ती आम्हांस चौथ्या, सर्वांत नाजूक प्रश्नाकडे घेऊन जाते. वेतन मागणारा वीस वर्षे कॅनडात राहिलेला असला पाहिजे. कायदा झाला तेव्हा अल्बानीबाई ऐंशीच्या घरात होत्या. परंतु त्यांची पन्नासहून अधिक वर्षे लंडनमध्ये गेली होती. ही अट त्यांच्यासाठी घातली नव्हती आणि सर्वसाधारण कायद्यात अशी अट असणे गैरही नाही. तथापि तिच्यामागचा विचार कृतज्ञतेच्या क्षेत्रात शिरला की अनर्थ करतो. 'त्या तर बाहेर गेल्या, त्या आता आमच्या कुठे?' हा तो विचार.

या मासिकाच्या वाचकांस या वाक्याची धार निराळी सांगावयास नको. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे ज्यांची घरे पिढ्यान् पिढ्या आहेत, गोव्यातून ज्यांची माणसे पोटासाठी व विद्येसाठी मुंबईस गेली, बेळगावास जी सीमेवरच राहिली, त्या सर्वांना 'तुम्ही नेमके कुठले?' हा प्रश्न कधी ना कधी विचारला गेला आहे. मानाच्या प्रसंगी 'आमचे' आणि मदतीच्या प्रसंगी 'तिकडचे' असा दुहेरी अनुभव अशा माणसांच्या वाट्यास येतो. अल्बानीबाईंच्या वाट्यास तो अधिक ठळक अक्षरांत आला, इतकेच.

आता पाहा. बाईंना शिकण्यासाठी पैसा हवा होता तेव्हा मॉन्ट्रियलने हात आखडता घेतला. तेवढ्यावर गोष्ट थांबली असती तर मॉन्ट्रियलला म्हणता आले असते की, आमचा या बाईंशी संबंध नाही. ऑल्बनीने शिकविले, लंडनने ऐकले, त्यांनी पाहून घ्यावे. परंतु १८८३ मध्ये याच शहराने त्यांना 'आमची' म्हणून मिरविले. परदेशात कमावलेल्या कीर्तीचा वाटा स्वदेशाने उचलला. कायद्यात एस्टॉपेल नावाचे एक तत्त्व आहे; १८७२ च्या पुरावा कायद्यात ते होते आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. त्याचा मथितार्थ असा की, आपल्या शब्दाने किंवा वागण्याने एखादी गोष्ट खरी आहे असे दुसऱ्यास मानावयास लावले आणि त्यावर विसंबून तो वागला, तर मागाहून ती गोष्ट नाकारण्याची मुभा राहत नाही. आमच्या मते नीतीतही असा नियम असला पाहिजे, आणि तो कायद्याहून कडक असला पाहिजे. कीर्तीच्या दिवसांत जो 'आमची' म्हणाला, त्याला पडत्या दिवसांत 'आमची नव्हे' असे म्हणता येऊ नये. जन्मभूमीचे ऋण जन्माने उत्पन्न होत नाही. मिरविण्याने उत्पन्न होते.

या कसोटीवर मॉन्ट्रियलचे माप काय पडते? सरकार उणे पडले. पण शहर संपूर्ण उणे पडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९२५ च्या जलशाला जे लोक पैसे देऊन आले त्यांपैकी पुष्कळांनी बाईंचे ऐन भरातले गाणे ऐकलेही नसेल. वडिलांनी किंवा आजोबांनी सांगितलेल्या एका रात्रीच्या आठवणीवर त्यांनी आपले डॉलर दिले. ज्याने स्वतः उपभोग घेतला नाही त्याने पूर्वजांच्या उपभोगाचे देणे फेडावे, ही गोष्ट आपल्याला अपरिचित नाही. बापाचे ऋण मुलाने फेडणे हे आपल्या जुन्या हिंदू कायद्यात पवित्र कर्तव्य मानले जाई आणि न्यायालयेही ते राबवीत. २००५ च्या दुरुस्तीने न्यायालयांचा तो अधिकार पुढील कर्जांपुरता काढून घेतला, आणि ते योग्यच झाले. मुलाला सावकाराच्या तावडीत देऊ नये. पण जे सक्तीने करून घेणे अन्यायाचे, तेच स्वखुशीने करणे थोरपणाचे असते. सेंट डेनिस नाट्यगृहातील ती चार हजार डॉलरची रक्कम अशी स्वखुशीची फेड होती.

येथे देण्याच्या रीतीबद्दलही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. मदत करणारा पुष्कळदा नकळत घेणाऱ्याला लहान करतो. भीक आणि फेड यांत हातातली रक्कम तीच असते. फरक असतो तो नजरेत. भीक देणारा खाली पाहतो, ऋण फेडणारा समोर पाहतो. साहाय्यार्थ जलसा करण्याच्या रिवाजात आम्हांस जे सौजन्य दिसते ते हेच. तेथे गायिकेला गाण्यातूनच दिले जाते. तिची विद्या हीच अजून लोकांना एकत्र आणते आहे, हे तिला दिसते. मेल्बांसारखी जगद्विख्यात गायिका त्यात पुढे झाली याचेही मोल पैशाहून अधिक होते. समव्यवसायी माणसाने दिलेला मान हा दानाचा डंख काढून टाकतो.

आणि अल्बानीबाईंकडून पाहिले तर त्या केवळ घेणाऱ्या नव्हत्या. ओढगस्तीतही त्या शिकवीत राहिल्या. गरजेपोटी शिकविले म्हणून ते शिकविणे कमी प्रतीचे ठरत नाही. म्युझिक हॉलमध्ये गाणाऱ्या वृद्ध गायिकेबद्दल हळहळणाऱ्यांची संख्या मोठी असते. त्या हळहळीत आम्ही सामील होऊ इच्छीत नाही. स्वतःच्या भाकरीसाठी स्वतःची विद्या घेऊन उभे राहण्यात लाज कसली? लाज असलीच तर ती तशी वेळ येऊ देणाऱ्यांची.

आपल्या परंपरेत माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. त्यांपैकी ऋषिऋणाची गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्यांनी विद्या दिली ते ऋषी तर केव्हाच गेले. त्यांना परत काय देणार? म्हणून ते ऋण अध्ययनाने फिटते असे सांगितले. आणि अध्ययनाने राखलेली विद्या पुढच्या हाती गेली नाही तर ती फेड अर्धीच राहते, असे आम्ही त्यात जोडू. धनको नाहीसा झाला तरी ऋण नाहीसे होत नाही. फक्त फेडीची दिशा बदलते. कॅनडाने हे थोडे उशिरा का होईना, केले. १९५७ साली तेथील संसदेच्या कायद्याने 'कॅनडा कौन्सिल' स्थापन झाले आणि कलावंतांना सार्वजनिक निधीतून साहाय्य देण्याची कायमची व्यवस्था झाली. परदेशी शिकावयास जाण्यासाठी ज्या मुलीला एके काळी परक्या गावाच्या वर्गणीवर अवलंबून राहावे लागले, तशा मुलींना पुढे आपल्याच देशाकडे पाहण्याची सोय झाली. त्या संस्थेच्या अध्यक्षपदी १९८३ पासून पाच वर्षे मॉरीन फॉरेस्टर ही मॉन्ट्रियलमध्ये जन्मलेली थोर गायिकाच होती. या व्यवस्थेचा अल्बानीबाईंना काही उपयोग झाला नाही, हे खरे. परंतु त्यांच्या देण्याची यापेक्षा चांगली फेड आमच्या तरी दृष्टीस येत नाही.

मात्र या समाधानात एक पळवाट दडलेली आहे, तिचाही बंदोबस्त केला पाहिजे. पुढच्या पिढीला दिले म्हणजे मागच्या पिढीचे फिटले, ही सोयीची समजूत होऊ शकते. ऋषी गेल्यावर दिशा बदलावी. ऋषी दारात उभा असताना नव्हे. १९८० साली कॅनडाच्या टपालखात्याने अल्बानीबाईंचे चित्र असलेले सतरा सेंटांचे तिकीट काढले. ते काढले हे चांगलेच झाले. पण तोवर बाईंना जाऊन पन्नास वर्षे झाली होती, आणि मृतांच्या सन्मानाला एक मोठी सोय असते. त्यांच्या घरभाड्याची चौकशी करावी लागत नाही.

तेव्हा आमचा निकाल असा. तिकीट घेणाऱ्या श्रोत्याविरुद्ध गायिकेचा दावा चालणार नाही. तो खर्चासह फेटाळला जाईल आणि तो निकाल कायद्याला धरून असेल. तरीही श्रोता ऋणमुक्त नाही. त्याचे देणे तीन गोष्टींनी बांधलेले आहे. जे तिकिटाच्या किमतीत धरले नव्हते ते तो घरी घेऊन गेला. कीर्तीच्या काळात त्याने 'आमची' हा शब्द उच्चारला. आणि देण्याची वेळ धनकोच्या हयातीतच असते. यांतले पहिले दोन मुद्दे पुष्कळांना पटतात. तिसरा पटेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. आपापल्या गावात एके काळी ज्यांनी कीर्तन केले, नाटकांत पदे म्हटली, शाळेत मुलांचे गळे तयार केले, अशी काही माणसे आज उतारवयात शांतपणे बसलेली असतील. त्यांचा आवाज आता चांगला राहिला आहे की नाही हे पाहण्यास कोणी जाऊ नये. ती कशी आहेत, एवढे पाहून यावे.